रक्तातलं थोडंसं शिसं आणि आपल्या पांढऱ्या पेशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिशामुळे मुलांच्या बुद्धीवर परिणाम होतो, हे आता बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. प्रतिकारशक्तीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मी मुंबईत रक्ततपासणीचं काम करते आणि वस्त्यांमधल्या आरोग्य शिबिरांनाही जाते. तिथे आईवडील, रंगारी, बॅटरीची कामं करणारे आणि गरोदर बायका जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतलं आहे. ही माहिती सर्वांसाठी आहे. तुमच्या मुलाच्या रिपोर्टबद्दल काय करायचं, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.

‘थोडंसं’ म्हणजे नेमकं किती?

रक्तातलं शिसं मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या एककात मोजतात. डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर. पुढे मी नुसता आकडा दिला, तर तो याच एककातला समजा.

१९९१ साली अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने मुलांसाठी १० ही चिंतेची पातळी धरली होती. २०१२ मध्ये ती रेषा ५ वर आली आणि २०२१ मध्ये ३.५ वर. शरीर काही बदललं नाही. आधी निरुपद्रवी वाटलेल्या पातळीलाही अपाय होतो, हे हळूहळू कळत गेलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर शिसं कुठून येतंय ते शोधा आणि तो मार्ग बंद करा. आणि ३.५ च्या खाली सगळं ठीक, असंही नाही. शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी आजवर सापडलेली नाही.

हे किती कमी असतं, ते एकदा हिशेब करून पाहण्यासारखं आहे. साधारण १२ किलो वजनाच्या मुलाच्या अंगात एक लिटरच्या आसपास रक्त असतं. रक्तातलं शिसं ३.५ असेल, तर त्या सगळ्या रक्तात मिळून ते फक्त ३५ मायक्रोग्रॅम भरतं. आता जुन्या ऑइल पेंटचा दहा मिलिग्रॅमचा पोपडा घ्या. तीन-चार तिळांएवढं त्याचं वजन. त्या रंगात एक टक्का शिसं असेल, तर त्या एवढ्याशा पोपड्यात १०० मायक्रोग्रॅम शिसं आलं. लहान मुलं पोटात गेलेल्या शिशापैकी ४० ते ५० टक्के शोषून घेऊ शकतात. शोषलेलं सगळंच रक्तात राहत नाही; काही हाडांत जातं, काही लघवीतून बाहेर पडतं. तरी पोपड्यांची आणि धुळीची मला एवढी भीती का वाटते, ते या हिशेबावरून ध्यानात येईल.

सीबीसी नॉर्मल आहे. पांढऱ्या पेशीही बरोबर आहेत. मग काळजी कशाला?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि गैरसमजही इथेच होतो.

सीबीसीमध्ये पेशी मोजल्या जातात. किती आहेत, कुठल्या प्रकारच्या आहेत, एवढंच त्यातून कळतं. कमी पातळीवरचं शिसं पांढऱ्या पेशी सहसा मारत नाही, त्यांची संख्याही फारशी हलवत नाही. ते त्यांचं वागणं बदलतं. समोर जंतू आल्यावर कुठलं रसायन सोडायचं, कुठल्या साथीदाराला बोलवायचं, कुठल्या प्रकारची अँटिबॉडी बनवायची, हे निर्णय एका बाजूला झुकू लागतात. मायक्रोस्कोपखाली त्या पेशी अगदी निरोगी दिसतात.

शिशाची मात्रा खूप वाढली, तर लाल पेशींत बारीक निळसर ठिपके दिसू शकतात आणि हिमोग्लोबिन उतरतं. हे पाठ्यपुस्तकातलं चित्र. पण ४ किंवा ७ अशा पातळीला काचेवर काहीही दिसत नाही. म्हणून ‘सीबीसी नॉर्मल, म्हणजे शिसं नाही’ असा अर्थ काढू नका. शिसं आहे की नाही हे शिशाचीच चाचणी सांगते.

पेशींच्या आत नेमकं होतं काय?

शिशाला शरीर फसतं, कारण शिशाचा आयन (विद्युतभार असलेला कण) कॅल्शियमची आणि जस्ताची जागा बळकावू शकतो.

टी-पेशी म्हणजे प्रतिकारशक्तीची सूत्रं हलवणारी एक प्रकारची पांढरी पेशी. तिला जंतूची ओळख पटली की तिच्यात कॅल्शियमची लाट उसळते. त्या लाटेवरच पेशी जागी होते आणि वाढू लागते. शिसं कॅल्शियमच्याच वाटांनी आत शिरतं, आणि कॅल्शियमसाठी असलेल्या कॅलमोड्युलिन, प्रोटीन कायनेज सी यांसारख्या प्रथिनांना चिकटतं. त्यामुळे खरा निरोप नसताना काही यंत्रणा चालू होतात आणि खरा निरोप आला की त्यात गडबड होते. शिवाय शिसं प्रथिनांमधल्या गंधकाच्या गटांना घट्ट धरून बसतं. पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन त्यात खर्ची पडतं आणि ऑक्सिडेशनचा ताण वाढतो.

जस्ताचं उदाहरण लाल पेशींत स्पष्ट दिसतं. हिमोग्लोबिन बनवण्याच्या साखळीत एक एन्झाइम जस्तावर चालतं. शिसं त्याचं जस्त बाजूला सारतं आणि ते एन्झाइम मंदावतं. हा परिणाम १० च्या खालीही मोजता येतो. रक्तातलं जवळजवळ ९९ टक्के शिसं लाल पेशींमध्येच असतं. पण उरलेला जो छोटा वाटा प्लाझ्मात फिरतो, तो सगळीकडे पोचतो. पांढऱ्या पेशी, थायमस (टी-पेशी जिथे घडतात ती छातीतली ग्रंथी), अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा गर), गर्भातलं बाळ, सगळीकडे.

म्हणजे प्रतिकारशक्ती कमी होते, असंच ना?

‘कमी होते’ हे अर्धवट उत्तर आहे. ती एकीकडे ढिली पडते आणि दुसरीकडे नको तितकी तापते.

मदतनीस टी-पेशींच्या दोन फळ्या समजून घ्या. पहिली फळी, टीएच-१, पेशींच्या आत दडून बसणाऱ्या जंतूंविरुद्ध लढते. तिचं मुख्य हत्यार इंटरफेरॉन-गॅमा. दुसरी फळी, टीएच-२, जंतांसारख्या परजीवींसाठी. ती इंटरल्युकिन-४ सोडते आणि आयजीई अँटिबॉडी वाढवायला लावते. ॲलर्जीतही हीच फळी कामाला लागते. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर अनेकदा दिसलंय की शिशामुळे पारडं टीएच-२ कडे झुकतं. इंटरफेरॉन-गॅमा उतरतं, इंटरल्युकिन-४ चढतं. टी-पेशींना जंतूची ओळख करून देणाऱ्या डेंड्रायटिक पेशी शिशाच्या सान्निध्यात वाढवल्या, तर त्याही टी-पेशींना त्याच बाजूला ढकलतात.

मॅक्रोफेज म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी. गिळलेला जंतू मारण्यासाठी त्या नायट्रिक ऑक्साइड वापरतात. शिशाचा परिणाम झालेल्या मॅक्रोफेजमध्ये नायट्रिक ऑक्साइड कमी बनतं, आणि दाह वाढवणारं टीएनएफ-अल्फा मात्र जास्त सुटतं. जंतू मारायची ताकद घटली, आजूबाजूच्या पेशींना होणारा त्रास वाढला. हा दुहेरी तोटा माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. कामाच्या ठिकाणी शिशाशी संबंध येणाऱ्या माणसांच्या न्यूट्रोफिल पेशी (जंतूवर आधी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी) जंतूकडे धावण्यात मंदावल्याचंही अभ्यासांत आढळलं आहे, पण ती माणसं बहुतेक वेळा जास्त मात्रेतली असतात. ते निष्कर्ष जसेच्या तसे ४ किंवा ५ पातळीच्या मुलाला लावू नयेत.

हे उंदरांचं झालं. माणसांचा पुरावा काय आहे?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर जेवढं आहे तेवढंच सांगायला हवं.

१९७१ सालीच उंदरांवरच्या एका प्रयोगात दिसलं होतं की शिसं दिलेले उंदीर साल्मोनेला जंतूंपुढे जास्त संख्येने मरतात. तिथून या विषयाला वेग आला. माणसांच्या बाबतीत अमेरिकेतल्या मिसुरीमधल्या आणि तैवानमधल्या लहान मुलांत रक्तातलं शिसं जास्त असेल तिथे आयजीईही जास्त आढळलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात तीन वर्षांखालच्या मुलांत शिसं १५ किंवा जास्त असताना बी-पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि काही अँटिबॉडी वाढलेल्या दिसल्या. मोठ्या माणसांत असा संबंध दिसला नाही. वय लहान तेवढा धोका मोठा, हा धागा पुन्हा पुन्हा येतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने २०१२ मध्ये कमी पातळीच्या शिशाबद्दलचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. मुलांची बुद्धी आणि वर्तन यांवरच्या परिणामांना त्यांनी ‘पुरेसा पुरावा’ म्हटलं. १० च्या खालच्या पातळीला मुलांत ॲलर्जीची प्रवृत्ती आणि आयजीई वाढण्याला ‘मर्यादित पुरावा’, आणि दम्याला ‘अपुरा पुरावा’. मला ही वर्गवारी प्रामाणिक वाटते. प्रतिकारशक्तीवरचा परिणाम जैविकदृष्ट्या पटणारा आहे, प्राण्यांत भक्कम आहे, आणि माणसांत त्याच्या खुणा दिसतात. पण मेंदूवरच्या परिणामाइतका तो पक्का सिद्ध झालेला नाही. मेंदूचा पुरावाच शिसं टाळायला पुरेसा आहे, हेही इथे सांगून ठेवते.

माझ्या मुलाला सारखी सर्दी, शिंका, अंगावर पित्त. हे शिशामुळे असेल का?

असेलही, पण तेवढ्यावरून म्हणता येणार नाही. मुंबईच्या पावसाळ्यात भिंतींना ओल धरते, बुरशी येते, गाद्यांत धुळीतले बारीक कीटक वाढतात. पोटात जंत असले तरी आयजीई चढतं. त्यामुळे आयजीईचा आकडा पाहून शिशाचं निदान कधीच करू नका आणि कुणी केलं तर मान्य करू नका.

शिशामुळे टीबी होतो का?

नाही. टीबी जंतूमुळे होतो. मॅक्रोफेज आणि इंटरफेरॉन-गॅमा टीबीविरुद्ध महत्त्वाचे आहेत हे खरं, पण तेवढ्यावरून थेट नातं जोडणं चुकीचं ठरेल. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर आधी थुंकी तपासा.

लशींचा परिणाम कमी होतो का? मग लस द्यायची की नाही?

लस द्यायचीच, वेळेवर आणि पूर्ण. चीनमधल्या ग्वियू या इलेक्ट्रॉनिक भंगाराच्या गावातल्या मुलांत रक्तातलं शिसं जास्त होतं आणि हिपॅटायटिस-बी लशीने तयार झालेल्या अँटिबॉडी तुलनेने कमी होत्या. सगळ्या लशींबद्दल असं सरसकट म्हणता येत नाही. आणि समजा प्रतिसाद थोडा कमी असलाच, तर त्या मुलाला लशीची गरज जास्तच आहे. एकही डोस चुकवू नका.

मुंबईत आता पेट्रोलमध्ये शिसं नाही. मग येतं कुठून?

पेट्रोलचं खरं आहे. महानगरांत १९९५ पासून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि २००० सालापासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. त्याच सुमारास, १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या मुलांचं रक्त तपासलं गेलं, तेव्हा १० च्या वर आकडे असलेली मुलं मोठ्या संख्येने होती. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनीही त्या काळात मुंबईची हवा आणि मुलांचं रक्त यांचा संबंध दाखवला होता. हवा त्या बाबतीत नंतर खूप सुधारली. पण शिसं कुजत नाही, विरत नाही. रस्त्याकडेच्या मातीत पडलेलं तिथेच राहतं.

आज जे मार्ग उरलेत, ते घरातले आणि कामातले आहेत. जुना रंग हा त्यातला मोठा. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारे नियम २०१६ चे, अंमल नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग तुमच्या दारा-खिडक्यांवर, गॅलरीच्या कठड्यावर थरावर थर बसलेला असू शकतो. गिरगाव, लालबाग, परळच्या चाळी, १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी, जुन्या पोलीस वसाहती यांतल्या ऑइल पेंट लावलेल्या लाकडाकडे आणि लोखंडाकडे मी आधी बघते. पिवळा, लाल, केशरी, हिरवा रंग असेल तर जास्तच लक्ष देते, कारण शिशाचे क्रोमेट या रंगांसाठी वापरले जात.

मग बॅटऱ्या. कुर्ल्याकडे एका गाळ्याबाहेर इन्व्हर्टरची जुनी बॅटरी फोडताना पाहिली आहे. छिन्नी-हातोड्याने वरचं झाकण उडवलं, आतलं आम्ल गटारात ओतलं, प्लेटा गोणपाटावर पसरल्या. फोडणाऱ्या मुलाच्या बोटांच्या पेरांत आणि नखांत करडी पूड बसली होती. काम झाल्यावर त्याने हात पॅन्टला पुसले आणि कागदात आणलेला वडापाव खाल्ला. वास नाही, चव नाही, जळजळ नाही. त्या आम्लाची भीती त्याला होती. पुडीची नव्हती.

दारूखान्यात जहाजं तोडताना गॅस कटरने रंगवलेला पत्रा कापला की शिशाचा धूर निघू शकतो. धारावी, कुर्ला, साकीनाका इथलं इलेक्ट्रॉनिक भंगार, सोल्डरिंगची कामं, ओतकाम, हेही त्याच यादीत.

घरात, स्वयंपाकघरात काय बघू?

आंबट पदार्थ आणि भांडी. पितळेच्या भांड्याला कल्हई हवीच, पण ती शुद्ध कथिलाची हवी. कथिलात शिसं मिसळलेलं असलं तर सोलकढी, चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार यांत ते उतरतं. कल्हईवाल्याकडून काम करून घेताना धातू कुठला, ते विचारा. भंगार वितळवून बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या आणि हिंडालियमच्या काही भांड्यांतूनही शिसं सुटल्याचं अमेरिकेत झालेल्या तपासण्यांत आढळलं आणि तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने भारतातून गेलेल्या अशा काही भांड्यांबद्दल इशारे दिले. सगळीच भांडी वाईट असं नाही. पण बिनब्रँडचं, वजनावर विकलेलं, आतून खवले पडलेलं भांडं असेल तर त्यात आंबट शिजवू नका. स्टीलचं पातेलं हा साधा उपाय आहे.

हळदीचा रंग उठावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघड झाले आहेत. शक्य असेल तर हळकुंडं आणून दळून घ्या. हळकुंडावर चकचकीत पिवळी पावडर चोळलेली दिसली तर घेऊ नका.

सुरमा बऱ्याचदा शिशाच्या सल्फाइडपासून बनतो. बाळाच्या डोळ्यांत तो घालू नका. मूल डोळे चोळतं आणि तोच हात तोंडात घालतं. तुपाच्या दिव्यावर धरलेलं घरचं काजळ वेगळं, त्यात मुळात काजळीच असते. तरीही बालरोगतज्ज्ञ बाळाच्या डोळ्यांत काहीच घालू नका म्हणतात आणि ते बरोबर आहे. शेंदूर पारंपरिकरीत्या शिशाच्या ऑक्साइडचा असतो. मारुतीला वाहा, पण तो मुलाच्या कपाळाला लावून मग त्याच बोटांनी प्रसाद भरवू नका.

भस्मं आणि रसौषधी घेतो. चालेल का?

नागभस्म हे शिशाचंच असतं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन भागात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी झाली, त्यांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. वनस्पतींचे काढे आणि चूर्णं यांना मी या माळेत ओवत नाही. पण गरोदरपणात, बाळाला आणि लहान मुलांना धातूंची औषधं देऊ नयेत, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. आधीपासून घेत असाल तर रक्तातलं शिसं तपासून घ्या आणि डॉक्टरांना पुडी दाखवा.

पाण्यातून येतं का?

तानसा, वैतरणा, भातसा इथून येणाऱ्या पाण्यापेक्षा इमारतीच्या आतला शेवटचा टप्पा बघावा. पितळी नळ, जुने सांधे, शिशाचं स्टॅबिलायझर असलेले पीव्हीसी पाइप. पाइपांत ते वापरण्यावर बंधनं घालणारे नियम २०२१ मध्ये आले. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं पहिलं पाणी प्यायला भरू नका, भांडी-फरशीला वापरा. उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटतं तसं त्याचं प्रमाण वाढतं.

शिसपेन्सिल चघळली तर?

आतलं काळं ग्रॅफाइट असतं, शिसं नाही.

मी गरोदर आहे. मी तर शिशाचं काहीच काम करत नाही.

तुमचा जन्म १९८० किंवा ९० च्या दशकातला आणि बालपण मुंबईच्या रहदारीच्या रस्त्यालगत गेलं असेल, तर त्या वेळचं थोडं शिसं तुमच्या हाडांत असू शकतं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. हाडांतलं निम्मं व्हायला दशकं जातात. मोठ्या माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांतच असतं. गरोदरपणात बाळासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटतं, त्याच्यासोबत शिसंही सुटतं आणि वारेतून बाळापर्यंत जातं. थायमस, अस्थिमज्जा, टी-पेशींची पहिली जडणघडण हे सगळं त्याच काळात चाललेलं असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या काळात शिसं मिळालेल्या पिल्लांमध्ये प्रतिकारशक्तीचा बिघाड मोठेपणीही टिकलेला दिसतो, रक्तातलं शिसं उतरल्यानंतरसुद्धा.

घाबरून जाऊ नका, कारण यावर करता येण्यासारखं आहे. मेक्सिको सिटीतल्या एका चाचणीत गरोदर बायकांना रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिलं. दवाखान्यातून मिळणाऱ्या कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या डब्यात पडून राहतात, हे मी घरोघरी पाहते. त्या नेमाने घ्या. दोन्ही एकाच वेळी नकोत. आणि घरात बाळ येणार म्हणून जुना रंग खरवडून नवा लावायचा बेत असेल, तर त्या दिवसांत तुम्ही तिथे थांबू नका.

रंगकाम करायचंच आहे. कसं करावं?

जुना रंग कोरडा घासू नका. पॉलिश पेपरने घासताना उडणारी धूळ श्वासातून जाते आणि आठवडाभर घरात बसते. ब्लो लॅम्पने रंग जाळणं त्याहून वाईट. पृष्ठभाग ओला करून घासा, खाली प्लास्टिक अंथरा, मुलांना आणि गरोदर बाईला दुसरीकडे पाठवा. रंग घट्ट बसलेला असेल तर खरवडण्यापेक्षा त्यावर नवा थर देणं बरं. कामानंतर केरसुणीने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते पाणी मोरीत ओता, कुंडीत नको. रंगाऱ्याला मास्क तुम्ही द्या. त्याला रोज हे काम करायचं असतं.

नवरा बॅटरीच्या कामावर जातो. आम्ही घरी काय करू?

घरी येणारे कपडे आणि चपला ही मुख्य वाट. कामावरच आंघोळ करून कपडे बदलता आले तर उत्तम. नाहीतर दारातच कपडे उतरवून वेगळ्या बादलीत, वेगळे धुवायचे; आपटून किंवा झटकून धूळ उडवायची नाही. बाळाला घेण्याआधी हात, तोंड, केस धुवायचे. पाण्याची टंचाई असलेल्या वस्तीत हे सांगणं सोपं आहे आणि करणं कठीण, याची मला जाणीव आहे. दोनच गोष्टी जमणार असतील तर कपडे वेगळे आणि हात स्वच्छ, या जमवा.

एक गोष्ट कामगारांना कुणी सांगत नाही: कारखान्यांसाठीच्या कायद्यात शिशाची विषबाधा हा कळवायलाच हवा असा आजार आहे. कारखान्यात काम करत असाल तर रक्ततपासणी मागताना संकोच करू नका. ते मालकाचे उपकार नव्हेत.

चाचणी कशी करायची?

शिरेतून रक्त, शिसेविरहित ट्यूबमध्ये. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात हातावरची धूळ मिसळून आकडा खोटा वाढू शकतो, म्हणून असा रिपोर्ट जास्त आला तर शिरेतल्या रक्ताने खात्री करतात. प्रयोगशाळेला एवढंच विचारा की मोजणी आयसीपी-एमएस किंवा ग्रॅफाइट फर्नेस पद्धतीने होते का, आणि ३ किंवा ४ असे लहान आकडे त्यांना भरवशाने मोजता येतात का. केसांची चाचणी यासाठी करू नका. टी-पेशी, सायटोकाइन (पेशी एकमेकींना निरोप देतात ती रसायनं) वगैरेंच्या महागड्या चाचण्याही नकोत. त्या संशोधनासाठी ठीक आहेत, तुमच्या मुलाचा उपचार त्यावरून ठरत नाही.

आकडा ६ आला. औषध नाही का?

या पातळीला नाही. शिसं बाहेर काढणारी सक्सिमरसारखी औषधं मुलांत साधारण ४५ आणि त्यापुढे वापरतात. २० ते ४४ पातळीच्या मुलांना सक्सिमर देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले, रक्तातलं शिसं काही काळ उतरलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत फायदा दिसला नाही. ‘डिटॉक्स’ म्हणून विकले जाणारे ठिबक, पावडरी, पायाचे पॅड यांवर पैसे घालवू नका.

६ आल्यावर घरात शिसं कुठून येतंय ते शोधायचं. मूल कुठे खेळतं, काय चाटतं, कुणाच्या कपड्यांवर धूळ येते, कुठल्या भांड्यात वरण शिजतं, घरात कुठली पुडी आहे. एक ते तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी. स्रोत सापडून बंद झाला असेल तर आकडा उतरू लागतो.

जेवणात काय द्यावं?

लोह आणि कॅल्शियम कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषतं, रिकामं पोटही तसंच. म्हणून शाळेला जाण्याआधी काहीतरी खाऊन जाऊ द्या. नाचणी द्या, १०० ग्रॅममध्ये ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. दूध, ताक, तीळ, जवळा, पालेभाज्या, कडधान्यं, वर लिंबू पिळून. रक्त कमी असेल तर त्याचा उपचार आधी. हे खाल्ल्याने साठलेलं शिसं धुऊन निघत नाही, पण नवं कमी शिरतं.

कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांचंही असंच असतं का?

प्रत्येकाची चाल वेगळी. पाऱ्याने काही जातीच्या उंदरांत स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी तयार होतात. कॅडमियम तंबाखूच्या धुरातून येतं, आणि सोन्याच्या डागकामात ते वापरलं जाई तेव्हा त्याचा धूर कारागिरांच्या फुप्फुसांत जायचा. झवेरी बाजारातल्या जुन्या माणसांना ‘केडीएम’, म्हणजे कॅडमियमने डाग दिलेलं सोनं, माहीत असतं. विडी ओढणारा बॅटरी कामगार असेल तर त्याला शिसं आणि कॅडमियम दोन्ही मिळतात. तपासणीला गेलात तर डॉक्टरांना काम आणि विडी या दोन्ही गोष्टी सांगा.

आकडा उतरल्यावर पेशी पूर्ववत होतात का?

रक्तातल्या बहुतेक पांढऱ्या पेशी कमी दिवसांच्या असतात. न्यूट्रोफिल तर रक्तात एखादाच दिवस असतात. अस्थिमज्जा सतत नव्या पेशी पाठवत असते. त्यामुळे मोठ्या माणसांत संपर्क थांबल्यावर सुधारणेला वाव आहे. अगदी लहान वयात बसलेली घडी मात्र पूर्ण उलगडेलच, असं सांगता येत नाही. म्हणूनच आम्ही शिबिरात आधी तीन वर्षांखालच्या मुलांचं आणि गरोदर बायकांचं रक्त घेतो, मग बाकीच्यांचं.